पाकिटावर ३२००, पडद्यावर २६६६ : रॅम जाहीर वेगाने चालत नसेल तर काय तपासावे

काही वर्षांपूर्वी भाच्याच्या संगणकासाठी मी आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम-स्टिक आणल्या. पाकिटावर ठळक आकड्यांत ३२०० छापलेले होते, प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५-१०४०० होता आणि मदरबोर्ड बी४६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाच्या सोयी आणि मर्यादा ठरवणारी चिप). रॅम बसवून विंडोज सुरू केले, तर टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसला २१३३. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रोग्राममध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लागू करणारे सेटिंग, चालू केले, तेव्हा तो २६६६ वर आला आणि तिथेच अडून बसला. पुढच्या दोन संध्याकाळी मी स्टिक काढून घातल्या, स्लॉट बदलले, बायोस अद्ययावत केले आणि खराब माल दिल्याबद्दल दुकानदाराला फोनवरून चार शब्द सुनावलेही. तिसऱ्या दिवशी प्रोसेसरचे माहितीपत्रक उघडले, तर मेमरीच्या रकान्यात सरळ लिहिलेले होते: डीडीआर४-२६६६. रॅम चांगली होती, बोर्ड चांगला होता, दुकानदार तर पूर्ण निर्दोष होता. चुकला होता तो माझा हिशेब, आणि दुसरा फोन करून तसे त्याला सांगणेही भाग पडले.

पाकिटावरचा आकडा म्हणजे, योग्य परिस्थिती मिळाली तर ही स्टिक इतक्या वेगाने चालू शकते, एवढेच विधान असते. प्रत्यक्षात मिळणारा वेग तीन घटकांवर ठरतो: रॅम-स्टिक, प्रोसेसरच्या पोटात असलेला, रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्ड. या तिघांत जो सर्वांत कमजोर असेल, त्याच्या वेगाने बाकीच्या दोघांना चालावे लागते. त्यामुळे एकही सेटिंग बदलण्यापूर्वी, आपल्या या त्रिकुटाकडून नेमक्या कोणत्या आकड्याची अपेक्षा ठेवणे रास्त आहे, हे कागदावर लिहून काढावे. पुढची निम्मी मेहनत त्यातच वाचते.

आकडा नीट वाचणे

तक्रारींपैकी काही तर आकडा वाचतानाच संपतात. डीडीआर या नावाचा अर्थच असा की घड्याळाच्या एका ठोक्यात माहिती दोनदा पाठवली जाते. म्हणून ३२०० म्हणून विकल्या जाणाऱ्या रॅमचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झवर चालते आणि सेकंदाला ३२०० मेगाट्रान्सफर होतात. पाकिटावर ३२०० मेगाहर्ट्झ असे छापण्याची रीत असली तरी काटेकोर भाषेत ते एकक मेगाट्रान्सफर प्रतिसेकंद, म्हणजे एमटी, असे हवे. सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये घड्याळाची खरी वारंवारता दिसते, त्यामुळे तिथे १५९७ किंवा १६०० च्या आसपासचा आकडा दिसला तर रॅम निम्म्या वेगाने चालत आहे असे समजून घाबरू नये. तो दुप्पट करून वाचावा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबमधील मेमरी या भागात मात्र दुप्पट केलेला आकडाच मिळतो. लिनक्स वापरणाऱ्यांना डीएमआयडीकोड या आज्ञेतून दोन ओळी दिसतात: एक ‘स्पीड’ आणि दुसरी ‘कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड’. आपल्या कामाची ती दुसरी.

दुसरी गोष्ट स्टिकवरच्या लेबलाची. माझ्यासमोर आता जी स्टिक आहे, तिच्या लेबलावर ३२०० च्या पुढे १६-१८-१८-३८ असे चार आकडे (ही टायमिंग, म्हणजे रॅमला प्रतिसाद द्यायला घड्याळाचे किती ठोके लागतात याची मापे) आणि १.३५ व्होल्ट असे छापलेले आहे. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. लेबलावर १.३५ दिसले, की ही स्टिक आपला जाहीर वेग प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजवर देते, आणि तो वेग कोणीतरी मुद्दाम चालू करून द्यावा लागणार आहे, हे ओळखावे. याउलट ३२०० च्या पुढे २२ आणि १.२ व्होल्ट असे लिहिलेली स्टिक तोच वेग जेडेक या संस्थेच्या नियमांत राहून देते आणि प्रोसेसर व बोर्ड साथ देत असतील तर कसलेही सेटिंग न बदलता ३२०० वर चालू होते. दोन्ही पाकिटांवर ३२०० च असते. स्वभाव मात्र अगदी वेगळे.

जेडेक ही मेमरीची मानके ठरवणारी संस्था आहे. तिने डीडीआर४ चे मानक २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. डीडीआर४ साठी १६०० पासून ३२०० पर्यंतच्या पायऱ्या आहेत, तर बाजारातल्या डीडीआर५ स्टिक साधारणपणे ४८०० पासून सुरू होतात. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते आणि तिच्यात स्टिकची कुंडली लिहिलेली असते: कोणत्या वेगाला कोणते टायमिंग आणि किती व्होल्टेज. संगणक सुरू होताना बायोस ही कुंडली वाचते आणि सावधपणे तिच्यातला जेडेकचा वेग निवडते, कारण तो कुठेही चालेल याची खात्री असते. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर आणि ६००० ची रॅम ४८०० वर सुरू होते, ती यामुळे. यात बिघाड काही नाही. कोणी सांगेपर्यंत बायोस धोका पत्करत नाही, इतकेच.

ग्राहकाला हे सांगितले जात नाही ही तक्रार मात्र मला खरी वाटते. अमेरिकेत २०२२ साली ग्राहकांनी मेमरी विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध याच मुद्द्यावर दावे दाखल केले होते: पाकिटावर लिहिलेला वेग पेटीतून काढताक्षणी मिळत नाही, आणि त्यासाठी बायोसमध्ये बदल करावा लागतो हे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले नाही. आपल्याकडे दुकानात जुळणी करून घेतलेले कितीतरी संगणक वर्षानुवर्षे २१३३ वर चालत असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

अपेक्षित वेग ठरवणे

प्रोसेसरच्या अधिकृत माहितीपत्रकात मेमरीचा कमाल वेग दिलेला असतो. इंटेलच्या दहाव्या पिढीतील आय३ आणि आय५ साठी तो २६६६ आहे, आय७ व आय९ साठी २९३३. बाराव्या पिढीत डीडीआर४ साठी ३२०० आणि डीडीआर५ साठी ४८०० आहे. एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० मालिकांतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ३२००, रायझन ७००० साठी ५२००, रायझन ९००० साठी ५६००. नावावरून फसगत होऊ शकते: रायझन ५ ३४००जी हा ३००० च्या नावाने विकला गेला, पण त्याची रचना आधीच्या पिढीची आहे आणि त्याचा अधिकृत वेग २९३३ आहे.

हा अधिकृत आकडा म्हणजे हमी असलेली मर्यादा. तिच्या पलीकडे जाता येते की नाही, हे मदरबोर्डचा चिपसेट ठरवतो. एएमडीच्या बी मालिकेच्या आणि त्यावरच्या बोर्डांवर सहसा अडचण येत नाही. इंटेलकडे मात्र ही रेघ कडक आहे. एच४१०, बी४६०, एच५१० आणि एच६१० या चिपसेटांवर प्रोसेसरच्या अधिकृत वेगापलीकडे रॅम चालवता येत नाही. बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्याय दिसला, तो निवडला, जतन केला, तरीही वेग मर्यादेलाच अडतो. २०२१ मध्ये आलेल्या बी५६० पासून इंटेलने बी मालिकेला ही मोकळीक दिली. त्यामुळे एच६१० बोर्डावर ३६०० ची डीडीआर४ रॅम ३२०० वरच चालणार, आणि बी४६० बोर्डावर आय५-१०४०० बरोबर कोणतीही रॅम २६६६ च्या पुढे जाणार नाही. आपला संगणक या गटात असेल तर इथेच थांबावे. पुढचे कोणतेही प्रयत्न कामाला येणार नाहीत, आणि नवा बोर्ड घेण्याइतका फायदाही त्यात नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत उत्तर याहूनही लवकर मिळते. बहुतेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मेमरीचा वेग बदलण्याची सोयच नसते. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू च्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची स्टिक घातली तर ती २४०० वर चालेल, कारण प्रोसेसरची मर्यादा तेवढीच आहे. बाजारात सहज मिळते म्हणून ३२०० ची स्टिक घेणे यात चूक काहीच नाही, ती खालच्या वेगाने निमूट चालते. फक्त आकड्याची वाट पाहू नये.

प्रोफाइल चालू करणे

त्रिकुटाची कुवत जाहीर वेगाइतकी आहे असे ठरले, की पहिले काम म्हणजे बायोसमधले प्रोफाइल चालू करणे. एसपीडी चिपमध्ये जेडेकच्या नोंदींशिवाय उत्पादकाने तपासून ठेवलेली एक-दोन जादा प्रोफाइल असतात. इंटेलने २००७ मध्ये, डीडीआर३ च्या काळात, या पद्धतीला एक्सएमपी असे नाव दिले. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर डीडीआर५ साठी एक्स्पो ही स्वतःची पद्धत आणली. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर एक्सएमपीलाच वेगवेगळी नावे दिलेली आढळतात: एसुसच्या बोर्डांवर डीओसीपी, एमएसआयच्या बोर्डांवर ए-एक्सएमपी. नाव कोणतेही असो, काम एकच.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबत राहून बायोसमध्ये शिरावे, तो पर्याय शोधून ‘प्रोफाइल १’ निवडावे, एफ१० दाबून जतन करावे. जतन करण्यापूर्वी बायोस बदलांची यादी दाखवते. तिच्यात वेगाबरोबर चार टायमिंग आणि व्होल्टेजही बदललेले दिसले पाहिजेत. केवळ वेगाचा आकडा हाताने ३२०० केला आणि व्होल्टेज १.२ वरच राहिले, तर संगणक सुरू न होण्याची शक्यता मोठी, आणि दोष मात्र रॅमवर येतो.

यानंतरचा पहिला आरंभ लांबतो. बोर्ड नव्या वेगाला प्रत्येक तारेची वेळ जुळवून पाहतो, या प्रक्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ मध्ये हे काही सेकंदांत उरकते. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर (रायझन ७००० आणि त्यापुढच्या प्रोसेसरांच्या बोर्डांवर), विशेषतः ३२ किंवा ६४ जीबी रॅम असेल तेव्हा, पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘डीरॅम’ असे लिहिलेला छोटा दिवा पेटलेला असतो, पंखे फिरत असतात आणि बाकी सगळे शांत. याच शांततेत अनेकांचा धीर सुटतो, ते बटण दाबून संगणक बंद करतात, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, मगच काही बिघडले आहे असे मानावे. दहा-पंधरा मिनिटांनीही चित्र आले नाही, तरच पुढच्या पायरीकडे वळावे.

अनेक बोर्ड ट्रेनिंग दोन-तीनदा फसल्यावर आपोआप जेडेकच्या वेगावर परततात आणि संगणक सुरू करून देतात. त्यामुळे ‘एक्सएमपी चालू केले, पण आकडा तोच’ अशी स्थिती दिसली, तर सेटिंग लागू झाले नाही असे न समजता ते लागू होऊन फसले असण्याची शक्यता आधी धरावी.

स्लॉट, जोड्या आणि चार स्टिकांचा मोह

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील, तर त्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. पुस्तिकेत त्यांना ए२ आणि बी२ म्हटलेले असते. हा नियम शोभेचा नाही. बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एका रस्त्याची, तार आधी जवळच्या स्लॉटला भेटून मग लांबच्या स्लॉटपर्यंत जाते. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये बसवली, तर पुढचा मोकळा तुकडा लोंबत राहतो, त्यातून संकेत परावर्तित होतो आणि वरच्या वेगाला हे सहन होत नाही. एकमेकांना लागून असलेल्या पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक बसवल्या असतील, तर त्याहून मोठे नुकसान होते: दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि माहितीचा रस्ता निम्मा होतो. ३२०० च्या एका चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबी, दोन चॅनेलांची ५१.२ जीबी. वेगाच्या आकड्यासाठी डोकेफोड करण्याआधी दोन्ही चॅनेल चालू आहेत का, हे सीपीयू-झेडमध्ये पाहावे. डीडीआर५ मध्ये प्रत्येक स्टिकचे बत्तीस बिटांचे दोन भाग असतात, म्हणून तिथे दोन स्टिकांना चार चॅनेल दिसले तर नवल वाटू देऊ नये.

वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकत्र केल्या, की बायोस सर्वांत संथ स्टिकला धरून चालते. एक ३२०० ची आणि एक २६६६ ची असेल तर दोन्ही २६६६ वर चालतील, हे सहसा माहीत असते. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की अगदी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी जोडी वर्षभराने आणली तरी तिच्यावरच्या मेमरी चिप वेगळ्या उत्पादकाच्या निघू शकतात. जोडी म्हणून विकलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात. दोन जोड्या एकत्र तपासलेल्या नसतात. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे ३२०० वर चालतात आणि एकत्र चालत नाहीत, तेव्हा कोणतीच जोडी सदोष नसते.

डीडीआर५ मध्ये चार स्टिकांचा प्रश्न जास्त तीव्र आहे. रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकांना ५२०० आहे, तोच चार स्टिकांना ३६०० वर उतरतो. ६००० च्या चार स्टिक घेऊन बसलेल्या माणसाला हा आकडा पाहवत नाही. प्रत्यक्षात याहून वरचा वेग काहींना मिळतो, पण त्याचा भरवसा धरून खरेदी करू नये. ६४ जीबी हवी असेल तर ३२ जीबीच्या दोनच स्टिक घ्याव्यात, हा माझा ठाम सल्ला आहे. सोळाच्या दोन आज घेऊन उरलेल्या दोन पुढच्या दिवाळीत घेऊ, हा काटकसरीचा बेत डीडीआर४ च्या जमान्यात खपून जात असे, आता तो महाग पडतो.

प्रोफाइल टिकत नसेल तर

येथून पुढे एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या गोष्टीने काम झाले हे कळत नाही, आणि महिन्याभराने बायोस पुन्हा मूळ स्थितीला गेले की सगळी कसरत नव्याने करावी लागते.

संगणक सुरूच होत नसेल तर वीज पूर्ण बंद करून, बोर्डावरच्या सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी छोटी मेमरी) साफ करण्याच्या दोन पिना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काही सेकंद जोडाव्यात, किंवा सीआर२०३२ ही गोल बॅटरी काढून काही मिनिटांनी परत बसवावी. त्याने बायोस मूळ सेटिंगवर येते. मग एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून प्रोफाइल चालू करून पाहावे, नंतर त्याच स्लॉटमध्ये दुसरी. दोन्ही स्टिक एकेकट्या नीट चालल्या तर रॅम निर्दोष आहे आणि अडचण जोडीत, कंट्रोलरमध्ये किंवा बोर्डात आहे. एकच स्टिक दरवेळी अडखळत असेल तर संशय तिच्यावर.

स्टिक बाहेर काढलेलीच असते तेव्हा तिच्या सोनेरी पट्ट्यांकडेही पाहावे. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या संगणकात त्यांच्यावर मळकट थर आढळणे सामान्य आहे. आपल्याकडचे कारागीर त्या खोडरबराने घासतात, आणि बऱ्याचदा संगणक त्यावर सुरूही होतो, हे मान्य. पण सोन्याचा तो मुलामा अतिशय पातळ असतो आणि खरखरीत रबराने तो झिजतो. धागे न सोडणाऱ्या कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे अधिक चांगले. स्टिक परत बसवताना खटका वाजेपर्यंत दाबावी. एका टोकाने वर राहिलेली स्टिक अर्धवट चालते आणि भलत्याच दिशेने शोध घ्यायला लावते.

त्यानंतर बायोसची आवृत्ती. रायझनचे पहिले प्रोसेसर २०१७ च्या मार्चमध्ये आले तेव्हा ३२०० ची रॅम त्या वेगाला चालवणे अनेकांना जमत नव्हते, आणि मे महिन्यात जाहीर झालेल्या अजेसा (एएमडी बोर्ड-कंपन्यांना देते तो बायोसचा गाभा) १.०.०.६ या आवृत्तीने मेमरीचे २६ नवे घटक बदलण्यास मोकळे करून मोठा फरक पाडला. म्हणजे यंत्र तेच, रॅम तीच, फक्त बायोस नवे. आजही नवी पिढी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत असेच घडते. अद्ययावत करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय हे काम करू नये, आणि आपल्या भागात भारनियमनाचा जो वार असेल तो टाळावा.

एवढे करूनही जाहीर वेग टिकत नसेल, तर प्रोफाइल चालू ठेवून फक्त वेग एक पायरी खाली आणावा: ३६०० ऐवजी ३४६६ किंवा ३२००, ६४०० ऐवजी ६०००. टायमिंग आणि व्होल्टेज तसेच राहू द्यावे. बहुतेक अडलेले संगणक इथे सुटतात. व्होल्टेज वाढवून वरचा वेग मिळवण्याचा मार्ग आहे, पण तो ज्याला आपण काय करतो हे ठाऊक आहे त्याचा. एएम५ बोर्डांवर सॉक व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे व्होल्टेज) १.३ च्या वर कधीही नेऊ नये: २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याचे प्रकार उघड झाले, तेव्हा एएमडीने बायोसमधूनच ही मर्यादा घालून दिली. इंटेलच्या बाराव्या पिढीत, ज्यांच्या नावात ‘के’ नाही अशा प्रोसेसरांचे मेमरी कंट्रोलरचे व्होल्टेज वाढवताच येत नाही, म्हणून ३६०० ची डीडीआर४ रॅम त्यांना जड जाऊ शकते.

वेग मिळाला तरी कंट्रोलरचे गुणोत्तर एकदा पाहावे. रॅम वर चढली की प्रोसेसर आपला कंट्रोलर निम्म्या वेगावर टाकू शकतो. इंटेलच्या बायोसमध्ये याला गिअर २ म्हणतात. डीडीआर५ मध्ये इंटेलसाठी ते नेहमीचे आहे, पण डीडीआर४ मध्ये गिअर २ वर चाललेली ३६०० ची रॅम गिअर १ वरच्या ३२०० पेक्षा कामाला संथ वाटू शकते. रायझन ७००० साठी ६००० हा आकडा लोकप्रिय झाला त्याचे कारणही हेच, की तिथपर्यंत कंट्रोलर आणि रॅम सहसा एकास एक चालतात.

खालचा वेग स्वीकारताना नेमके काय गमावतो, याचा हिशेब सोपा आहे. टायमिंगच्या पहिल्या आकड्याला २००० ने गुणावे आणि वेगाने भागावे. उत्तर नॅनोसेकंदांत येते. २१३३ ला १५ म्हणजे सुमारे १४ नॅनोसेकंद, ३२०० ला १६ म्हणजे १०, ६००० ला ३० म्हणजेही १०. २१३३ वरून ३२०० वर जाणे म्हणूनच खरोखर जाणवते, विशेषतः रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर, जिथे ग्राफिक्सचे कामही याच रॅममधून चालते. ६००० ऐवजी ५६०० वर समाधान मानले, तर हिशेबाच्या फायली, ब्राउझर आणि मराठी टंकलेखन यांत कोणालाही फरक ओळखता येणार नाही.

खरा वेग की नुसता दिसणारा वेग

टास्क मॅनेजरमध्ये हवा तो आकडा दिसला म्हणजे काम संपले असे नाही. अस्थिर रॅम लगेच कोसळत नाही. ती कधी झिप फाइल उघडताना चूक दाखवते, कधी ब्राउझरचे एखादे पान बंद पाडते, कधी आठवड्यातून एकदा निळा पडदा आणते. याहून वाईट म्हणजे ती चुकीची माहिती डिस्कवर गुपचूप लिहून टाकते. म्हणून पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. रात्री लावून झोपावे हे सोयीचे. ‘फक्त एकच चूक निघाली’ हे उत्तर नापासच धरावे.

चाचणीच्या दिवसाचे हवामानही लक्षात ठेवावे. रॅममधली माहिती सतत ताजी करत राहावी लागते आणि चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर जेडेकच्या नियमानुसार ते दुप्पट वेळा करावे लागते. गरम रॅम विसरभोळी होते. डिसेंबरात पास झालेली, व्होल्टेज वाढवलेली डीडीआर५ नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात नापास होऊ शकते. तिथल्या संगणकाची चाचणी दुपारी, पंखा-कूलर बंद ठेवून आणि कॅबिनेटचे झाकण लावून घ्यावी.

अखेर रॅम किंवा बोर्ड बदलून मागण्याची वेळ आलीच, तर आधी हे जाणून असावे की प्रोसेसर कंपन्यांच्या लेखी एक्सएमपी आणि एक्स्पो हे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत मर्यादेपलीकडच्या वेगाने चालवणे, आहे, आणि त्यामुळे प्रोसेसरच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. रॅमच्या उत्पादकाने मात्र तो वेग स्वतःच छापून विकलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे दाद मागायला संकोच नको. दुकानात जाताना दोन्ही स्टिक न्याव्यात, एक नव्हे, कारण जोडी जोडीनेच बदलून मिळते. सोबत बिल, स्टिकच्या लेबलाचा फोटो, कोणत्या स्लॉटमध्ये कोणती स्टिक अडखळली याची टिपण आणि जेडेकच्या वेगाला व प्रोफाइलच्या वेगाला घेतलेल्या मेमटेस्टच्या पडद्यांचे फोटो असावेत. प्रोफाइलला चुका आणि जेडेकला शून्य, असे दोन फोटो शेजारी ठेवले की दुकानदार ‘आमच्याकडे तर चालते’ म्हणण्याआधी स्टिक स्वतःच्या बोर्डात लावून पाहतो.